बरोबरीवर ‘समाधान मानावं लागलं’ असं लिहू नका की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात खेळाच्या पानावर अगदी खाली कोपऱ्यात शाळकरी मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची पाच ओळींची बातमी आली होती. आधी त्याबद्दल आभार मानतो, कारण बुद्धिबळाला एवढी जागा मिळणं पण आमच्यासारख्यांना लई वाटतं. पण त्या बातमीतली शेवटची ओळ वाचली आणि चहा तसाच राहिला. त्यात असं होतं की शेवटच्या फेरीत सोलापूरच्या एका मुलीला ‘बरोबरीवर समाधान मानावे लागले’. ती मुलगी माझी नात आहे, आठवीत आहे, आणि तो डाव चालू होता तेव्हा मी तिथंच होतो, हॉलच्या दाराच्या जाळीतून दोन तास उभं राहून बघत होतो. म्हणून हे पत्र लिहितोय. नात म्हणून कौतुक करा असं अजिबात म्हणणं नाही, तिचं नाव पण छापू नका, पण ते वाक्य चुकीचं आहे आणि ते का चुकीचं आहे हे मला सांगायचंय, जरा लांबेल पण वाचा.

आता झालं काय ते सांगतो. होटगी रोडच्या बाजूला एक मंगल कार्यालय आहे तिथं स्पर्धा होती, मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, दोन कुलर होते पण ते पण गरम वारा फेकत होते. नातीसमोर पुण्याहून आलेला एक मुलगा होता, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, रेटिंगवाला, खेळायला हुशार आणि वागायला पण चांगला. मधल्या खेळात आमच्या पोरीनं घाई केली आणि दोन प्यादी गेली, एक तिनं परत मिळवलं, पण एक कमीच राहिलं, आणि वजीर, घोडे, उंट सगळे मारामारीत संपून शेवटी त्याचा हत्ती आणि दोन प्यादी, हिचा हत्ती आणि एक प्यादं असं उरलं. माझा मुलगा म्हणजे तिचा बाप, तो माझ्या शेजारी उभा होता, तो म्हणाला, ‘‘आप्पा, गेली मॅच, मी गाडी काढतो तोवर.’’ आणि तो खरंच पार्किंगमध्ये गेला.

त्या पोरीनं पहिलं काम काय केलं तर स्वतःचं राहिलेलं एकुलतं एक प्यादं पुढं करून त्याचं एक प्यादं त्यात मारामारीत काढून टाकलं. बघणाऱ्याला वाटलं हिनं असलेलं पण घालवलं. पण हे बरोबर आहे, हाच नियम आहे, हरत असलेल्या माणसानं प्यादी संपवायची आणि जिंकत असलेल्यानं मोहरे संपवायचे, कारण समोरच्याकडं वजीर करायला प्यादंच उरलं नाही तर एवढं पुढं असून तो करणार काय? आता राहिलं त्याचा राजा, हत्ती, एक प्यादं, आणि हिचा राजा आणि हत्ती. मग तिनं दोन गोष्टी केल्या. राजा नेऊन थेट त्या प्याद्याच्या वाटेत शेवटच्या घरात उभा केला, आणि हत्ती नेऊन तिच्या बाजूनं मोजली तर तिसऱ्या ओळीत लावला. संपलं. आता त्या हत्तीनं त्या आडव्या ओळीवर फक्त इकडून तिकडं, तिकडून इकडं जायचं. समोरचा राजा ती ओळ ओलांडून पुढं येऊच शकत नाही.

साहेब, मी तीस वर्षं मिलमध्ये काढली. माग चालताना बघितलाय तुम्ही, धोटा कसा डावीकडून उजवीकडं जातो, परत येतो, त्याला दुसरं कामच नसतं आणि त्याच कामातून कापड होतं. अगदी तसा तो हत्ती चालला होता. पोरगं एक खेळी करायचं, विचार करून, हिचा हत्ती सरकायचा. परत तो खेळी करायचा, हत्ती परत. बघणाऱ्यांना कंटाळा आला असेल, मला तर श्वास घेता येईना.

कारण यात एक क्षण असा येतो की तिथं नुसतं धोट्यासारखं फिरत राहिलं तर हरतो. तो पोरगा शेवटी वैतागून प्यादं एक घर पुढं सरकवतो, म्हणजे ते नेमकं त्या तिसऱ्या ओळीत येतं, आणि आता त्याचा राजा त्याच्या बगलेत घुसायच्या तयारीत असतो. इथं बरीच मुलं सवयीनं हत्ती आडवाच सरकवतात आणि मेली. आमच्या पोरीनं इथं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि बसली. तिच्या घड्याळात चार मिनिटं होती आणि खेळीमागं तीस सेकंद मिळत होते. दोन मिनिटं गेली. मग तिनं हत्ती उचलला आणि सरळ उभा नेऊन पार शेवटाला, त्याच्या बाजूच्या पहिल्या ओळीत ठेवला. लांबात लांब. आणि तिथून मागून शह, शह, शह. राजा डावीकडं गेला शह, खाली आला शह, उजवीकडं गेला शह. कारण काय, प्यादं मागं होतं तोवर राजा त्याच्या पुढं जाऊन लपू शकत होता, मागून येणारा शह त्या प्याद्यावर अडला असता. ऊन लागू नये म्हणून डोक्यावर टॉवेल धरावा तसं ते प्यादं होतं. ते स्वतःच पुढं निघून गेल्यावर राजा उघड्यावर आला. बारा-पंधरा शह बसले आणि त्या पोरानं हसून हात पुढं केला.

हे काही माझ्या नातीनं शोधलेलं नाही बरं का. फिलिडोर म्हणून एक फ्रेंच खेळाडू होता, त्यानं हे १७७७ साली पुस्तकात मांडून ठेवलंय, म्हणजे अडीचशे वर्षं होत आली, आणि आजपण जगातला मोठ्यातला मोठा खेळाडू ही अवस्था आली की हेच करतो. पण माहीत असणं वेगळं आणि हॉलमध्ये बाकीचे सगळे पट रिकामे झालेत, खुर्च्या घड्या करून एकावर एक ठेवायचा खडखडाट चाललाय, माईकवाला ‘हॅलो हॅलो वन टू थ्री’ करतोय, बक्षिसं टेबलावर मांडलीत, पाहुणे येऊन बसलेत आणि संयोजकांपैकी एक जण दर पाच मिनिटांनी पटाजवळ येऊन घड्याळात बघून जातोय, अशात ते करणं वेगळं. एकानं तर तिला हळूच म्हटलं पण, ‘‘बाळा, आता काय राहिलंय त्यात, उठ की.’’ ती उठली नाही. तिनं मान पण वर केली नाही.

तर अशा डावाला तुम्ही लिहिलं, समाधान मानावं लागलं. कुणाला मानावं लागलं? त्या पुण्याच्या पोराला म्हणलं असतं तर एकवेळ चाललं असतं, त्याच्या हातातला पूर्ण गुण गेला आणि अर्धा राहिला. हिच्या हातात शून्य होतं, तिनं त्याचा अर्धा केला. तुमच्या वार्ताहराचा यात दोष नाही, त्याला फोनवर नुसते निकाल मिळाले असणार, आणि हे वाक्य वर्षानुवर्षं सगळ्याच पेपरात तयार ठेवल्यासारखं आहे, हॉकी असो फुटबॉल असो, बरोबरी झाली की समाधान मानावं लागलं. पण बुद्धिबळात बरोबरी दोन जातीची असते, एक दोघं मिळून दहा-बारा खेळ्यांत हात मिळवून उठतात ती, आणि एक हरलेल्या डावातून नखानं खरवडून काढलेली. या दोन्हींना एकच वाक्य कसं चालेल?

मला हा खेळ शिकवला तो आमच्या मिलमधल्या एका विणकरानं. सोलापूरच्याच पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठी, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो. त्यांच्याकडं लाकडी पट नव्हता, त्यांनी स्वतः मागावर विणलेला एक कपड्याचा पट होता, लाल आणि पांढऱ्या चौकटींचा, तो घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवायचे. पाळी सुटली, भोंगा झाला की चाळीच्या कट्ट्यावर तो पसरायचा. आधी ते देशी पद्धतीनं खेळायचे, त्यात प्यादं पहिल्या चालीला पण एकच घर जातं, मग नंतर आम्ही पोरांनी त्यांना आंतरराष्ट्रीय नियम शिकवले आणि त्यांनी आम्हाला खेळ शिकवला. त्यांची एक सवय होती, डाव हरत आला की ते बिडी विझवायचे. जिंकताना बिडी चालू, हरायला लागले की विझवून बाजूला. म्हणायचे, आता काम सुरू झालं. मला ते तेव्हा कळायचं नाही, मी म्हणायचो अण्णा सोडा की, दुसरा लावू. ते म्हणायचे, मागावर धागा तुटला तर माग सोडून घरी जातो का रे तू, गाठ मारतो आणि पुढं चालू करतो ना.

तिथंच मी पहिल्यांदा बघितलं की वजीर असून माणूस जिंकत नाही. माझ्याकडं वजीर, अण्णांकडं फक्त एक प्यादं, पण ते शेवटून दुसऱ्या ओळीत पोचलेलं आणि कडेच्या पट्टीतलं. मी शह देतोय, त्यांचा राजा कोपऱ्यात जाऊन बसतोय, आणि मी माझा राजा जवळ आणायला म्हणून एक खेळी केली की त्यांच्याकडं खेळायला एक पण खेळी नाही, राजाला शह पण नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. मी रडायचाच बाकी होतो. नंतर त्यांनी दाखवलं की कडेच्या प्याद्याला हे होतं आणि उंटाच्या पट्टीतल्या प्याद्याला पण होतं. उंटाच्या प्याद्यात तर अजून मजा, तिथं वजिरानं शह दिला की राजा प्यादं राखत बसत नाही, सरळ कोपऱ्यात जातो आणि प्यादं खुशाल खा म्हणतो, खाल्लं की स्टेलमेट. पण घोड्याच्या पट्टीतलं किंवा मधलं प्यादं असेल आणि समोरच्याचा राजा अगदीच लांब अडकलेला नसेल तर वजीर जिंकतो. म्हणजे हरायच्या आधी दहा खेळ्या तुम्हाला हे माहीत असेल तर कुठलं प्यादं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं ते तुम्ही ठरवू शकता. हे माहीत असणं म्हणजेच वाचणं.

असंच उंटाचं. समोरच्याकडं उंट आणि कडेच्या पट्टीतलं प्यादं आहे, तुमच्याकडं नुसता राजा. बघणारा म्हणेल संपलं. पण ते प्यादं जिथं वजीर होणार त्या कोपऱ्यातल्या घराचा रंग आणि उंटाचा रंग वेगळा असेल आणि तुमचा राजा त्या कोपऱ्यात पोचला असेल तर त्याला जगात कुणी बाहेर काढू शकत नाही, कारण तो उंट त्या घरावर कधी बोलूच शकत नाही. मी मुलांना सांगतो की डाव हरत आला की पटावर आधी हे शोधा, त्याच्याकडं कुठला उंट आहे, कडेचं प्यादं कुठलं आहे, आणि बाकीचं सगळं मारून हेवढंच उरवता येतंय का, त्यासाठी घोडा द्यावा लागला तरी द्या. मुलं आधी हसतात, घोडा देऊन बरोबरी कशी होईल म्हणतात, मग एकदा स्वतः केलं की आठ दिवस तेच सांगत फिरतात.

माझी खरी तक्रार आता सांगतो, ती पेपरबद्दल कमी आणि आपल्या सगळ्यांबद्दल जास्त आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गुकेश जगज्जेता झाला, २०२५ च्या जुलैमध्ये आपली नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून सोलापुरात पण बुद्धिबळाच्या क्लासला गर्दी आहे, जुळे सोलापुरात तर आमच्या एकाच रस्त्यावर दोन क्लास झालेत. चांगलं आहे, मला आनंदच आहे. पण मी त्या मुलांना संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये खेळताना बघतो, त्यांना ओपनिंगच्या बारा-पंधरा खेळ्या पाठ असतात, नावासकट, आणि मात करायचे फास येतात, पण एक मोहरा गेला की हात पुढं करतात आणि ‘रिझाईन’ म्हणून उठतात. मोबाईलवर तर अजूनच सोपं, बोट दाबलं की डाव संपला आणि पुढचा चालू. एका पोराला मी विचारलं का सोडलास रे, तर म्हणाला, ‘‘आजोबा, टाईम वेस्ट होतो.’’ नऊ वर्षाचं पोरगं! आणि पालक काय कमी नाहीत, बाहेरून खुणा करतात, चेहरा पाडतात, पोरगं पटावरून मान वर करून बापाकडं बघतं आणि तिथंच हरतं. माझ्या मुलाला मी त्या दिवशी गाडीत काही बोललो नाही पण त्याला कळलं. घरी गेल्यावर त्यानं तिला म्हटलं, मला ते हत्तीचं दाखव ना. रात्री साडेअकरापर्यंत दाखवत होती.

गुकेशचंच बघा. शेवटचा चौदावा डाव, सिंगापूरमध्ये, १२ डिसेंबर २०२४, गुण साडेसहा-साडेसहा, आणि पटावर दोघांकडं हत्ती आणि उंट, गुकेशकडं एक प्यादं जास्त. बरोबरीचा डाव होता तो, सगळे जाणकार म्हणत होते बरोबरी होणार आणि दुसऱ्या दिवशी जलद डाव होणार. डिंग लिरेन म्हणजे त्या वेळचा जगज्जेता, त्याला फक्त बचाव करत बसायचं होतं, आणि ५५व्या खेळीला त्यानं हत्ती अशा घरात नेला की हत्तीची मारामारी होऊन पाठोपाठ उंट पण बदलला गेला, आणि नुसत्या राजा-प्याद्यांच्या डावात एक प्यादं कमी म्हणजे हार. मला त्या दिवशी गुकेशसाठी आनंद झाला आणि डिंगसाठी पोटात कालवलं, कारण बचाव किती अवघड आहे ते तिथं दिसलं. जगज्जेत्याचा हात तिथं चुकतो, तर आठवीतल्या मुलीचा चुकला नाही याला आपण काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि उलटं पण बघा. २०२५ च्या जूनला नॉर्वेमध्ये गुकेश माजी जगज्जेत्या कार्लसनशी खेळताना बराच वेळ हरत होता. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. तो खेळत राहिला, घड्याळं संपत आली, कार्लसनच्या हातून घोड्याची एक खेळी चुकली आणि डाव फिरला, गुकेश जिंकला. कार्लसननं टेबलावर मूठ आपटली ते सगळ्यांनी मोबाईलवर शंभरदा बघितलं. मुलांना पण ती मूठच आठवते. मी त्यांना म्हणतो, मूठ नका बघू रे, त्याच्या आधीच्या वीस-पंचवीस खेळ्या बघा, हरत असताना तो काय करत होता ते बघा, समोरच्याला प्रत्येक खेळीला नवीन प्रश्न कसा टाकत होता ते बघा.

दिव्याच्या अंतिम सामन्याचं तर बहुतेकांना आठवत पण नाही. जॉर्जियातल्या बातुमीला आपल्याच कोनेरू हम्पीविरुद्ध पहिले दोन मोठे डाव बरोबरीत, मग टायब्रेकचा, म्हणजे बरोबरी फोडायचा, पहिला जलद डाव पण बरोबरीत, आणि चौथ्यात ती जिंकली. म्हणजे कप मिळाला तो तीन बरोबऱ्या पोटात घेऊन. आता त्या तिन्हींना समाधान मानावं लागलं म्हणणार का आपण?

अजून एक जुनं उदाहरण देतो आणि मग मुद्द्यावर येतो, हे मी मुलांना नेहमी सांगतो. इमॅन्युएल लास्कर, सत्तावीस वर्षं जगज्जेता होता तो. १९२४ ला न्यूयॉर्कच्या स्पर्धेत पंचावन्न वर्षांचा होता. समोर दुसरा लास्कर, एडवर्ड. शेवटी एडवर्डकडं हत्ती आणि प्यादं, आणि म्हाताऱ्याकडं एकटा घोडा. सगळ्यांनी हरलं म्हणून धरलेलं. त्यानं राजा आणि घोडा असा काही उभा केला की ते प्यादं पुढं सरकेना आणि समोरच्या राजाला ते राखायला वाट मिळेना, १०३ खेळ्या चालला डाव आणि बरोबरीत सुटला. ती स्पर्धा लास्करच जिंकला. आता कुठं तो अर्धा गुण आणि कुठं पहिला नंबर असं वाटेल, पण स्पर्धा जिंकणारे असेच अर्धे अर्धे गोळा करतात.

तर माझ्या विनंत्या आहेत, तीनच आहेत. पहिली सांगितलीच, ते वाक्य. ‘बरोबरी साधली’ म्हणा, ‘डाव वाचवला’ म्हणा, आपल्या मराठीत एवढे शब्द आहेत. वार्ताहरानं संयोजकांना निकाल विचारताना एकच प्रश्न जास्त विचारावा, यात कोण हरत होतं? एक ओळ जास्त लागेल. ती ओळ त्या मुलाच्या घरात कात्रण म्हणून वीस वर्षं राहील, हे मी खात्रीनं सांगतो, कारण माझ्या ट्रंकेत अजून एक आहे.

दुसरी विनंती स्पर्धा घेणाऱ्यांना, तुमच्या पेपरातून पोचली तर बरं. तुम्ही स्वतःचा वेळ आणि पैसा घालून स्पर्धा घेता याची जाणीव आहे, सोलापुरात उन्हाळ्यात हॉल मिळवणं पण सोपं नाही. पण शेवटचा पट चालू असताना खुर्च्या उचलू नका आणि माईक लावू नका. पाहुण्यांना अर्धा तास उशिरा बोलवा किंवा त्यांना आतच आणून शांत उभं करा आणि तो शेवटचा डाव दाखवा, त्यांना पण आवडेल. बचाव करणाऱ्या मुलाला वेळ लागतोच. हल्ला करणारा दहा वाटांनी जिंकू शकतो, वाचणाऱ्याला बऱ्याचदा एकच खेळी असते आणि ती शोधावी लागते. आणि मुलांना नियम सांगून ठेवा. पन्नास खेळ्यांत दोघांपैकी कुणी प्यादं हलवलं नाही, काही मारलं नाही तर बरोबरी मागता येते. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर मागता येते. पण ती मागायची कशी, म्हणजे आपली खेळी कागदावर लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवायचं आणि पंचाला हात करायचा, हे मी बघितलेल्या मुलांत निम्म्यांना येत नाही. ती समोरच्यालाच विचारत बसतात, बरोबरी का, बरोबरी का, आणि समोरचा कशाला हो म्हणेल.

क्लासवाल्यांना पण एक सांगणं आहे, आठवड्यातला एक दिवस मुलांना हरलेलाच डाव मांडून द्या. राजा आणि प्यादं विरुद्ध नुसता राजा, एवढंच द्या सुरुवातीला. त्यात प्याद्याच्या समोर उभं राहायचं, समोरचा राजा पुढं आला की आपण त्याच्या बरोबर समोर एक घर सोडून यायचं, आणि मागं हटायची वेळ आली तर तिरकं न जाता सरळ मागं हटायचं, मग तो ज्या बाजूला येईल त्याच बाजूला आपण. एवढं एक आलं तर शाळेच्या स्पर्धेत वर्षाला दोन-तीन अर्धे गुण कुठं गेले नाहीत. मी पहिलीतल्या पोरांना हे शेंगदाणे मांडून शिकवलंय, एक दाणा राजा, अर्धा दाणा प्यादं, जिंकला तो खातो, बरोबरी झाली तर दोघं मिळून खातात.

तिसरी विनंती तुम्हालाच. तुमच्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचं कोडं असतं, मी आणि नात दर रविवारी सोडवतो, पेपर आला की आधी तेच पान. पण ते नेहमी ‘पांढऱ्याने दोन खेळ्यांत मात’ किंवा ‘तीन खेळ्यांत मात’ असंच असतं. महिन्यातून एकदा तरी ‘पांढऱ्याने डाव वाचवावा’ असं द्या. पहिलं मीच सुचवतो. रिचर्ड रेटी म्हणून एका जुन्या बुद्धिबळपटूनं हे १९२१ मध्ये रचलंय, पटावर फक्त चार सोंगट्या आहेत, जागा पण कमी लागेल.

(पांढऱ्याच्या बाजूनं बसलं की उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आणि आडव्या ओळी खालून वर १ ते ८.) पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. खेळी पांढऱ्याची, पांढऱ्यानं बरोबरी साधायची.

मांडून बघा. काळ्याचं प्यादं पुढं पळतंय आणि पांढरा राजा त्याच्या दोन घरं मागं आहे, धरता येणार नाही. पांढऱ्याचं स्वतःचं प्यादं राखायला जावं तर काळा राजा त्याच्या जवळच आहे आणि आपला राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडं उशीर झालेला आहे. तरी बरोबरी आहे. नातीला तीन संध्याकाळी लागल्या, पहिल्या दोन दिवशी ती म्हणाली आजोबा हे चुकीचं छापलंय, तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना मधेच हात धुवून पटाकडं पळाली. उत्तर मी कुणाला सांगत नाही. तुम्ही पण लगेच पुढच्या रविवारी छापू नका, निदान दोन आठवडे जाऊ द्या.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त मिल कामगार
जुळे सोलापूर